उलटा गोळा

९ मार्च
आज बायकोने, मेर्लने, गोळा उलटा टाकला! बाउल्स या हिरवळीवरच्या खेळातला गोळा घरंगळताना एका अंगाला वळतो. त्याच्यावरची लहान वर्तुळाची फिकट खूण वळणाच्या आतल्या बाजूला हवी, हिने बाहेर धरली. गेला थेट शेजारच्यांच्या डावात! असं करणाऱ्याने साऱ्या क्लबाला बिअर पाजायची, हा आमचा जुना दंड. क्लबातला क्लेम ओरडला, "ए मेर्ल, नवरा उलटा धरलास तर खपेल, गोळा नको!" सगळे खिदळले. एरवी ती क्लेमला पुरून उरते. आज चेहरा कोरा.

१६ मार्च
पुन्हा उलटा. पुन्हा बिअर.

२१ मार्च
अंगणात चहा. संध्याकाळ कशी— फळ्यावर पुसून उरलेल्या खडूसारखी. सफरचंदांचा घमघमाट. शाळेत शिकवायचो ती खलाशाची कविता म्हटली. लग्नाआधी मेर्ल या कवितेच्या भलत्याच कडव्याला हसायची— तिथेच तर मी फसलो! आज एकटक बघत राहिली. पापणी हलली नाही. "झाली?" एवढंच.

मग म्हणाली, जूनमध्ये हिवाळा लागला की होबार्टला जाते, आयव्हीकडे. धाकट्या बहिणीकडे. किती दिवस? "बघू."

कंटाळली मला. या वयात!

२ एप्रिल
गोळ्यावरची खूण चुकते ती मोतीबिंदूने असेल म्हणून मेर्लचे डोळे दाखवले. मोतीबिंदू नाही. पण पांढऱ्यावरची फिकट अक्षरं तिला दिसेचनात. तपासणारी लिन चांगली चौकस पोर. "मिसेस पर्डी, वास येतो नीट?"
"वर्षभर नाही."
मला पत्ताच नाही! अक्षर बारीक झालंय का, चालताना हात हलतो का— विचारतच राहिली. मेंदूच्या डॉक्टरांकडे जा म्हणाली, लवकर.

१६ मे
पार्किन्सन.
हात थरथरत नाही, मग कुणाच्या मनात येणार? डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. माणूस आतून हसतो, वर उमटत नाही. शिवाय फिकट रंगांतला फरक नजरेला कळेनासा होतो, समोरचे चेहरेही पुसट दिसतात.
गाडीत विचारलं, "त्या दिवशी कवितेला हसली होतीस?"
"पोट दुखेपर्यंत, ऑल्विन."
मग आयव्हीकडे का जातेस? विचारायचा धीर झाला नाही.

१७ मे
विचारलं.
"किती महिने झाले, माझ्याकडे बघून तू हसला नाहीस. तुझं तोंड नुसतं धूसर, दगडासारखं. वाटलं, नकोशी झाले."
मी हसतच होतो गं! रोज!
मोठ्याने हसून दाखवलं— निदान ऐकू यावं म्हणून. गालांवरचं पाणी तिला दिसलं नाही.