रिमोट माझ्या खिशात

१ एप्रिल

आज पाना फेकून मारला. कुणाला नाही, शेडच्या पत्र्याला. मारायचा होता चांगदेवभाऊंना, पण ते मालक!

म्हणाले, "सूरज, एक बुकिंग आलंय. नवरीची एन्ट्री करायची आपल्या लाल एटीव्हीवर. नवरी सोता चालवणार म्हणती. तू शिकव तिला."

मी हसलो. म्हटलं, एवढी हौशी कोण?

"निमगाव सावाच्या जानकूदादांची सृष्टी. तुझ्याच कॉलेजला व्हती ना?"

एक तारीख, म्हणून वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती.

दोन वर्षं झाली या मळ्यावर. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं येतात, पिठलं-भाकरीचे फोटो काढतात आणि माळावर ही चार चाकांची बाईक घेऊन बोंबलत सुटतात. मी रिमोट घेऊन मागं पळतो. कुणी विहिरीकडं निघाला की बटण दाबायचं, गाडी बंद. झालं माझं करिअर! जिच्यासाठी कॉलेजात एकाचं नाक फोडलं, दुसऱ्या वर्षाला दाखला घेऊन बाहेर पडलो, तिला आता तिच्या लग्नाची गाडी मीच शिकवायची. वा!

२ एप्रिल

नाही म्हणून सांगणार होतो. सांगितलं नाही. जुन्नरला जाऊन केस कापून आलो.

४ एप्रिल

आली. चुलत्याच्या मोटारसायकलवर, मागं आजी रतनबाई. आजीनं गाडीभोवती एक फेरी मारली. "आगं बया, ह्यो तर खेकडाच की!" आता सगळा मळा तिला खेकडाच म्हणतोय.

सृष्टी म्हणाली, "कसा आहेस?" कंडक्टरला सुट्टे विचारतात तसं. मी म्हटलं, "गाडीला हात लावायच्या आधी नीट ऐकून घ्या." घ्या! तुम्ही! तिला हसू आलं. मला नाही आलं.

मग नेहमीची पोपटपंची. चावी फिरवायची. हे लाल बटण — हे बंद असेल तर सकाळपासून स्टार्टर मारला तरी गाडी बोलायची नाही. ब्रेक दाबूनच स्टार्ट. गाडी गार असेल तर चोक ओढायचा, तापली की परत आत. गिअरचा दांडा पुढं, मध्ये न्यूट्रल, मागं रिव्हर्स. आणि रेस मनगटानं पिळायची नाही, उजव्या अंगठ्यानं ढकलायची.

तिनं पिळलीच. स्कूटीवाले सगळे पिळतात. मी ओरडतोय, "अंगठा! अंगठा!" तिकडून आजी, "मी देती की अंगठा! सोसायटीत जल्मभर त्योच दिलाय."

सगळे हसले. सृष्टी तर डोळे पुसत हसली. दोन वर्षांनी तिचं हसणं ऐकलं. ऐकायला नको होतं.

५ एप्रिल

तिनं पाय टेकवला. मोटारसायकलची सवय असलेला प्रत्येक माणूस ही चूक करतो — गाडी कलली की पाय खाली. इथं पाय खाली गेला की मागचं चाक त्याच्यावर चढतं. मी जरा जास्तच खेकसलो. तिनं गाडी बंद केली.

"तुझा राग अजून तसाच आहे."

म्हटलं, "कुणासाठी होता तो राग?"

"मी सांगितलं होतं नाक फोड म्हणून? त्या पोराला मी उत्तर देणारच होते. तू मध्ये पडलास आणि कॉलेजभर माझं नाव झालं. तू सोडून गेलास. मी तिथंच होते, वर्षभर सगळ्यांच्या नजरा झेलत."

घरच्यांनी पढवून पाठवलंय. हे तिचं बोलणं नाही. एसटीत माझ्यासाठी जागा धरायची ती! रोज नाही, पण धरायची.

७ एप्रिल

वळणं घेतली. ही गाडी वळायला जड, नुसतं हँडल ओढून वळत नाही. अंग आतल्या बाजूला टाकायचं आणि बाहेरच्या पायावर भार द्यायचा. कंपनीतले साहेब लोक दोन-दोन तास घालवतात. तिनं तिसऱ्या फेरीला जमवलं. आजी म्हणाली, "मेंढरं वळवणाराची नात हाय, हिला वळाण शिकवतुय व्हय तू!"

लई भारी चालवते राव. म्हणूनच वाईट वाटतंय. ढ असती तर लग्नापर्यंत रोज आली असती.

९ एप्रिल

मांडव त्यांच्या वरच्या माळावर पडणार आहे. रस्त्यापासून तिथपर्यंत चढ, म्हणून आज चढ घेतला. पुढं झुकायचं, अंगठा हलवायचा नाही, मध्येच रेस सोडायची नाही.

पायथ्याला तिचा फोन वाजला. ऋतिक. तिचा होणारा. गाडी न्यूट्रलला टाकून पाच मिनिटं हसत बोलली. "हो रे, चढायलाच निघालेय... नाही पडणार... तू घोड्यावरून पडू नकोस म्हणजे झालं." फोन ठेवला आणि निघाली वर. गाणं गुणगुणत!

अर्ध्या चढावर असताना मी बटण दाबलं.

इंजिन गप्प. गाडी मागं घसरायला लागली. तिनं ब्रेक दाबला, पण घाबरून अर्धाच. बोरीच्या झुडपात जाऊन अडकली. आजी ओरडत उठली. मी पळालो. सृष्टीच्या हाताला काटे, रक्त.

"मुद्दाम केलंस."

म्हटलं, "रिमोट चेक केला. करावा लागतो."

"मागं आजी असती तर?"

आजी लिंबाखाली होती, मागं नव्हती. हे म्हणालो असतो तर मार खाल्ला असता.

इथं तरी खरं लिहितो. गाणं बंद झालं तेव्हा बरं वाटलं. काटे बघितल्यावर नाही वाटलं. महाळुंग्याला घरी आलो. आई म्हणाली जेव. जेवलो नाही.

१० एप्रिल

आली! मला वाटलं नव्हतं येईल. चांगदेवभाऊंना काही सांगितलंही नाही. का नाही सांगितलं? विचार केला तर एकच कारण दिसतं.

आजी आज माझ्याशी बोलली नाही. सृष्टीनं मात्र विचारलं, "लग्नात रिमोट कुणाकडं असणार?"

"माझ्याकडं."

"माझ्या भावाकडं दे ना."

"नाही देता येत. गाडी चालवणारा कुणी असो, रिमोट मळ्याच्या माणसाकडंच. नियम आहे." नियम आहेच. मी केलेला नाही.

तिनं रिमोट मागून घेतला, उलटसुलट करून बघितला. "एवढुसं आहे रे हे!" मग परत दिला. त्याच चढावर परत गेली आणि न थांबता वर पोचली. मी बोट बटणापासून लांब ठेवलं होतं. तिनं वरून वळून आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

१२ एप्रिल

तो आला. चाकणला कंपनीत आहे. वाटलं होतं गॉगल घालून शायनिंग मारील, मग दोन शब्द सुनावता येतील. कसलं काय! "भाऊ, लई उपकार झालं तुमचं. हिला नीट शिकवा, मला तर बघूनच भ्या वाटतं."

मी म्हटलं, तुम्ही पण घ्या की एक फेरी. बसला. पिळत बसला हँडल! गाडी जागची हलेना. स्वतःच खो-खो हसला. तीही हसली. एकमेकांकडं बघून.

स्वतःवर हसणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांना मारता येत नाही.

जाताना म्हणाला, "मला घोडा नको व्हता. पण हिची अट हाय — तू घोड्यावर, मग मी पण पायी येणार न्हाई."

अट घालते त्याला! मला कधी काही मागितलंसुद्धा नाही.

१४ एप्रिल

ठरलं. परवा लग्नात, चढावर दाबणार.

गाडी थांबली की तिला उतरावं लागेल. सगळ्यांसमोर. मग बघू, पुढं चालत जाते की मागं वळते. थांबायचंच असणार तिला. नाही तर परत कशाला आली असती? तिला फक्त थांबवणारा कुणीतरी पाहिजे.

ढोलवाले मागं असतील. असू देत. अंतर ठेवायला सांगतो त्यांना.

१६ एप्रिल

सगळं लिहितो, क्रमानं.

सकाळी टेम्पोतून गाडी निमगाव सावाला नेली. हळद चालू होती. मी हँडलला झेंडूची माळ बांधत होतो. ती बाहेर आली, तोंड, हात, कोपरापर्यंत पिवळे. म्हणाली, "रिमोट दे. दोन्ही हातांनी बांध, सुटून चाकात जाईल माळ." मी दिला. माळ बांधली, ब्रेक बघितला, हवा बघितली. ती पाठीमागं उभी होती. रिमोट परत देताना एवढंच म्हणाली, "तू शिकवलंस चांगलं, सूरज."

रिमोटला हळद लागली होती. मी पुसली नाही.

दुपारी नवरदेव घोड्यावरून येऊन बसला. मग ही निघाली. नऊवारी, कासोटा घट्ट, पदर कमरेला खोचलेला — चाकात काही जाऊ नये म्हणून, हे मीच सांगितलं होतं. मुंडावळ्या, वर काळा गॉगल. पोरी किंचाळल्या. ब्रेक दाबून स्टार्ट. अंगठा. निघाली!

आजी कडेनं काठी टेकत चालली होती. मला बघून म्हणाली, "आमी जल्मभर मेंढरामागं पायी हिंडलो. बग माझी नात!" राग विसरली होती माझ्यावरचा.

ढोलवाल्यांना मी अंतर ठेवायला सांगितलं होतं. ऐकतायत कशाला! गाडीच्या मागंच नाचत होते, त्यांच्यात बारकी पोरं.

गाडी चढाला लागली. ती पुढं झुकली, शिकवल्यासारखी. माझा हात खिशात. पोरं दिसत होती मला. आंधळा नाही मी. तरी दाबलं.

काही झालं नाही. परत दाबलं. परत. खिशातल्या खिशात बोट दुखेपर्यंत दाबत राहिलो. गाडी वर गेली, मांडवाच्या तोंडाशी वळली — अंग आत टाकून! — आणि थांबली. ऋतिकनं उठून हात पुढं केला. तिनं आधी न्यूट्रल टाकला, चावी बंद केली, मग हात धरला.

अक्षता मीही टाकल्या. हातात कुणीतरी कोंबल्या होत्या.

१७ एप्रिल

चांगदेवभाऊ खूश. व्हिडिओ सगळीकडं फिरतोय, आणखी दोन नवऱ्या मुलींचे फोन आले. "सूरज, तू आपला एन्ट्री मास्तर!" घ्या पदवी. कॉलेजनं दिली नाही ती.

म्हटलं, रिमोट खराब आहे, टाकून द्या. लग्नात चालला नाही.

भाऊ म्हणाले, "लग्नात तुला कशाला लागला रं त्यो?"

मी पाणी प्यायला गेलो.

१८ एप्रिल

फेकायला रिमोट काढला. एकदा बघावं म्हणून मागचं झाकण सरकवलं. आत सेल नाही. सेलाच्या जागेत हळद. बोटाचा ठसा उमटलाय.