बँकेसाठी न उचललेला पेला

गुरिया, ९ नोव्हेंबर १९९७

प्रिय लामारा मावशी,

आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते आणि मगच नमस्कार करते, कारण चुकीवर उभं राहून केलेला नमस्कार तुला पोचेल असं मला वाटत नाही. वाझी बँकेसमोर अख्खं गाव रांगेत उभं होतं, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. रांगेचं शेपूट बेकरीपर्यंत गेलं होतं आणि शेपटातली माणसं पावासाठी आली होती. (त्यातल्या काहींना पाव हातात पडल्यावर वाटलं, उभे आहोतच तर पैसेही काढून घेऊ. त्यांना कोणत्या रांगेत धरायचं, हे माझं अजून ठरलेलं नाही.)

आता नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? सालोनिकीच्या तुझ्या म्हातारबाई अजून औषधाच्या गोळ्या कुंडीत पुरतात का? इकडे बाबांची संत्री पिवळी होऊ लागली आहेत, आणि आईचा रक्तदाब बँकेच्या रांगेबरोबर वाढतो आणि उतरतो.

हे सगळं सुरू झालं बोंदो मामाच्या नातवाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात. तमादा अर्थातच मामा. (तुझा भाऊ पंगतीत असताना पेल्यांची सूत्रं दुसऱ्या कुणाच्या हाती जातील, असं तुलाही वाटत नसेल.) देवाच्या, देशाच्या, बाळाच्या आणि बाळाच्या आईच्या नावाने पेले झाले. मग मामाची नजर वालिकोवर पडली. वालिको म्हणजे आपल्या बँकेचा मॅनेजर. बिचारा अक्रोडाच्या साचिवीतली कोंबडी निवडून खात होता. मामा उठला आणि म्हणाला, "ज्या बँकेने आपल्याला संत्र्यांच्या खोक्यांना पैसे दिले, तिला दीर्घायुष्य लाभो!" सगळे उठले. मी पेला उचलला नाही.

मावशी, मी उचलणार तरी कसा? मी मध्यवर्ती बँकेत काम करते, इकडच्या बँकांवर नजर ठेवते. कोणत्याही एका बँकेची भलामण करायची नाही, निंदा तर नाहीच, असा आमचा नियम आहे. आणि नियमाआधी तू आहेस. शाळेत जायच्या आधी पडवीत बसवून मला आकडे तूच शिकवलेस, गोड चुर्चखेलाचे तुकडे भावंडांना पट्टीने मोजून वाटायला तूच लावलंस, आणि मोठा तुकडा आवडत्या माणसाला दिलास तर तो चोरीचा, असंही तूच सांगितलंस. त्या मुलीच्या हातून एका बँकेच्या नावाने पेला उचलला जाणं शक्य आहे का?

पण पंगतीला नियम कुठे दिसतात? पंगतीला पेला दिसतो. त्सिउरीकाकूने कोपराने शेजारणीला ढोसलं. "पोरीने पेला हलवलासुद्धा नाही. वरच्या बँकेतली आहे ती, तिला ठाऊक असणार." मी म्हटलं, काकू, मी याबद्दल काही सांगू शकत नाही. "ऐकलंत?" काकू म्हणाली. "सांगण्यासारखंच राहिलेलं नाही." दुसऱ्या दिवशी रांग.

लोकांना मी दोष देत नाही. जुन्या राज्यात बोंदो मामाने गाडीसाठी पैसे साठवले होते आणि शेवटी त्यांतून एक पाव आला, हे कोण विसरेल? तो पाव तो आठवण म्हणून ठेवणार होता. मामीने खाऊन टाकला. अशा माणसांना वालिको चौकात उभा राहून सांगतो, "अहो, पैसा बुडालेला नाही, झाडावर आहे! संत्री विकली गेली की परत येतो." (हे वालिको जाहीरपणे बोलला म्हणून लिहिते. ऑफिसातलं मी काहीच लिहिलेलं नाही, हे कृपया लक्षात ठेव.) त्यावर मागून कुणीतरी म्हणतं, "मग आम्हाला शिडी दे." रांग अशीच राहिली तर दिलेली कर्जं त्याला आत्ताच परत मागावी लागतील. मग बाबा हिरवी संत्री मिळेल त्या भावाने विकणार, आणि तू पाच वर्षं दुसऱ्यांच्या आजीला न्हाऊ घालून जे पाठवलंस, ते याच बँकेत आहे.

मी तिबिलिसीच्या मुख्य ऑफिसात जाऊन आमच्या ओतारसाहेबांना सगळं सांगितलं. "एका बँकेच्या नावाने प्यायली नाहीस, हे बरोबर केलंस," ते म्हणाले. "पण सर्व बँकांच्या स्थैर्यासाठी प्यायला कोणती अडचण आहे?" मला एकदम हलकं वाटलं. पुढच्या रविवारी मामाकडे पुन्हा पंगत होती. मी वाक्य पाठ करून गेले आणि धीर गोळा होताच उभी राहिले. माझा धीर जरा उशिरा गोळा झाला. मामाने नुकतंच दिवंगतांचं नाव घेतलं होतं, पुरुष उभे होते आणि पेले अजून रिकामे व्हायचे होते. मी म्हणाले, "आणि आपल्या देशातल्या सर्व बँकांसाठी." सगळ्यांनी माना खाली घातल्या, पावाच्या तुकड्यावर दारूचे थेंब ओतले आणि बँकांच्या आत्म्याला शांती लाभो म्हणून प्यायले. सोमवारी शेजारच्या गावातल्या बँकांसमोरही रांगा लागल्या. ओतारसाहेबांनी फोनवर फक्त एवढंच विचारलं, "पोरी, तू पाणी पीत नाहीस का?"

तर असं आहे. तू काळजी करू नकोस. गुडघ्यांना शेक देत जा.

पट्टी अजून जपून ठेवणारी तुझी,
इर्मा

ता. क. 'माझे सगळे पैसे काढून आण' असं तू मामाला लिहिल्याचं कळलं. काढू नकोस एवढंही मी म्हणू शकत नाही, कारण तो सल्ला होईल. पण या महिन्याचे पैसे तू नेहमीसारखे वाझी बँकेतच पाठवलेस, आणि तसं त्सिउरीकाकूला पत्राने 'फक्त तुझ्याजवळच' म्हणून कळवलंस, तर मला फार बरं वाटेल. बरं वाटणं नियमात बसतं.

दुसरा ता. क. आज काकू पीठ मागायला आली आणि जाता जाता म्हणाली, "पिठाच्या डब्यामागे कॉफीचा डबा आहे ना अजून? बँकेवर नजर ठेवणाऱ्या पोरीचा पगार डब्यात, म्हणून तर आम्ही आधीपासून बूट घालून बसलो होतो." म्हणजे पेला निर्दोष आहे आणि मी उगाच त्याच्यावर एवढा कागद खर्च केला. कोणतीही एक बँक निवडणं म्हणजे पक्षपात, म्हणून मी पगार डब्यात ठेवते, हे ईस्टरच्या पत्रात मी फक्त तुला लिहिलं होतं. तू कुणाला सांगितलंस ते मी विचारत नाही.

पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्या दोन दिवसांत ओतारसाहेबांना विचारलं. खातं उघडायला हरकत नाही, फक्त ऑफिसात लिहून द्यायचं, दिलं. पक्षपात नको म्हणून गावातल्या बँकांच्या नावांच्या चिठ्ठ्याही टाकल्या. चिठ्ठी एकच होती. डबा पिशवीत न घालता, दोन्ही हातांत धरून, बाजारातून, काकूच्या दारावरून नेणार आहे. गियोर्गोबाच्या सणाच्या दिवशी सगळं गाव चौकात असतं म्हणून तोच दिवस ठरवला होता, पण तो रविवार निघाला आणि बँक बंद. तेव्हा सोमवारी, २४ नोव्हेंबरला, खिडकी उघडताच.