नमुन्याची बाटली

प्रिय निकानोर,

"पाणी ते पाणीच, ताई; बाटलीला काय कळतंय?" दोन वर्षांपूर्वी तू हसत म्हणाला होतास. मेरिदा शहरातून पाणी तपासायला आलेली पोरगी पुढच्या अंगणात सरबत पीत होती. "उन्हात कशाला जातेस, बाळ, मी भरून आणतो," म्हणून तू तिची बाटली घेतलीस आणि मागे, आपल्या विहिरीला पाठ करून, विकतच्या जारमधून भरलीस. याच विहिरीचं पाणी मी तुला ओंजळीनं पाजायचे. तू माझी बोटं चावायचास.

आधीच बिनपरवाना चाललेल्या डुकरांच्या फार्मला त्या तपासणीवर परवाना मिळाला, तुझ्या लेकाला तिथे ड्रायव्हरची नोकरी. 'पिण्यास योग्य' हा कागद तू गावप्रमुखाच्या, म्हणजे तुझ्याच, शिक्क्यासह कचेरीच्या दाराला लावलास. मी सभेत बोलले, तर म्हणालास, "ताईचा नवरा टिकला नाही, आता गावही टिकू द्यायचं नाही हिला!" सगळे खो खो हसले. लाजेनं मीही हसले.

जाताना त्या पोरीनं मला समजावलं होतं, की डुकरांच्या घाणीतलं नायट्रेट जमिनीतून विहिरीत झिरपतं. त्याला वास नाही, चव नाही. थोरांना लगेच काही होत नाही, पण तान्ह्या बाळाचं रक्त श्वास वाहून न्यायचं विसरतं. आणि उकळलं, की पाणी आटतं, नायट्रेट मात्र तेवढंच उरतं.

पुढे शेजारच्या फिदेलियाची तान्ही मुलगी निळी पडून गेली. आदल्या दिवशी मी तिला पाहायला गेले होते, म्हणून माझी नजर लागली असं ठरलं. तू तिच्या शवपेटीला खांदा दिलास. मला वाटलं, आता तरी बोलशील.

तुझ्या सुनेला, येल्मीला, दूध उतरलं नाही. डब्याचं दूध ती विहिरीच्या पाण्यात कालवते, आधी ते निम्मं होईतो उकळून. बिचारी फार काळजी घेते. तू तिच्यापुढे तुझा जार सरकवलास, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या, मामंजी, तुम्हीच तर पाणी तपासून घेतलंय." मी भिंतीपलीकडे होते. तू जार परत आपल्याकडे ओढलास.

काल बाळाला पहिल्यांदा कडेवर घ्यायचा विधी झाला. मला बोलावणं नव्हतं. गडग्यावरून पाहिलं. निकानोर, त्याचे ओठ जांभळ्या मक्यासारखे झालेत. येल्मीनं मला पाहिलं, त्याच्या मनगटाचा लाल दोरा घट्ट केला आणि म्हणाली, "आत्या, आज तरी नजर तिकडे फिरवा." मी पाण्याचं सांगितलं, तर ती ते आणखी उकळेल. तुझं मात्र ऐकेल. म्हणून हे पत्र. बाळाला आजच शहरातल्या दवाखान्यात ने, आणि पुढची बाटली कालवायच्या आत तिला सांग, की त्या नमुन्यात विहिरीचा थेंबही नव्हता. तू सांगणार नाहीस, मला ठाऊक आहे. तरी सांग.

तुला ओंजळीनं पाजणारी, तुझीच
रोसेंदाताई