उठून का गेले

प्रिय धाकटे,

काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी खोटं बोलले. लहान मुलांच्या तातडीच्या विभागातून डॉक्टरांना न दाखवताच जे निघून जातात, त्यांना फोन करून कारण विचारायचं हे तुझं नर्सचं काम. ते तू सख्ख्या बहिणीलाही चुकवलं नाहीस. मी म्हटलं, फार वेळ लागत होता, आणि पोर आता मजेत खेळतेय. तू तसंच लिहून घेतलंस.

वेळ लागत होताच. पण चपला बाकाखाली सारून दुपारभर बसायची माझी तयारी होती. शेजारी बसलेली बाई नावनोंदणीच्या खिडकीवर तीनदा भांडून आली, मी जागची हलले नाही. सोनी पोट धरून माझ्या मांडीवर पडली होती. कुठे दुखतंय हे विचारून विचारून मी थकले, एक अक्षर बोलेल तर शपथ! आणि तू दारातून बाहेर आलीस मात्र, बाईसाहेब उडी मारून तुझ्या गळ्यात. बेंबीपाशी दुखतं, सकाळी उलटी झाली ती पाणी ओतून लपवली, सगळं तुला घडाघडा सांगून मोकळी. वर ती शेजारची बाई मला म्हणते, बरं झालं, आई आली तिची!

माझा नुसता जळफळाट झाला गं. लहानपणापासून हेच. आपली मांजरसुद्धा दूध माझ्या हातचं प्यायची आणि झोपायला तुझ्या पायाशी जायची. ते मी चालवून घेतलं, पण ही तर माझ्या पोटची. तू डॉक्टरांना सांगायला आत वळलीस, तेवढ्यात मी तिला उचललं, बरं वाटतंय असं खिडकीवर सांगितलं आणि चालती झाले. रस्ताभर ती रडत होती. पोटासाठी की तुझ्यासाठी, मी विचारलंसुद्धा नाही.

खेळत वगैरे नव्हती ती. काल घासभरही जेवली नाही, आज सकाळपासून वाकून चालतेय. म्हणून पुन्हा आणलंय तिला. तुझ्याच दारासमोर बसून हे लिहितेय, खिडकीवरच्या बाई आत आणून देतील. तोंडाने सांगायला गेले तर परत थाप मारेन. आमच्यापुढे चौघं आहेत. तू बाहेर ये, तिला जवळ घे, काय होतंय ते सगळं काढून घे तिच्याकडून. मी जळेन, पण डॉक्टरांनी बघेपर्यंत इथून उठणार नाही.

तुझीच,
तुझ्यावर जळणारी ताई