लेबेल की बेर्तिये

वर्झाझात

प्रिय तिझिरी,

इकडे सगळं ठीक. वाऱ्याने गच्चीवर वाळू आणून टाकली होती, ती काल झाडली. स्टुडिओत पुन्हा लढाईच्या चित्रपटाचं काम निघालंय, त्यामुळे तुझे बाबा खुशीत आहेत. गोदामातल्या जुन्या रायफली काढायच्या, पुसायच्या, आणि कुणी एकीला दुसरीचं नाव दिलं की त्याच्या मागे लागायचं. परवा नवा साहाय्यक म्हणाला, "बासूकाका, ती लांब बंदूक द्या." तर हे म्हणतात, "लांब सगळ्याच आहेत. नाव सांग, मग देतो."

ह्याच स्वभावापायी मावशीने आणलेलं झागोऱ्याचं स्थळ गेलं. बिचारा टीव्ही बघता बघता एका रायफलीला भलतंच नाव देऊन गेला आणि चहा गार होईपर्यंत ह्यांचं व्याख्यान ऐकत बसला. पुन्हा फिरकला नाही. तुला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, ते सोड.

म्हणून रविवारी तुझ्या शाळेत शिकवणारा अनीर आईला घेऊन लग्नाचं बोलायला आला, तेव्हा मी टीव्ही बंदच ठेवला होता. पण ह्यांनी लावलाच. जुना युद्धपट, रायफली ह्यांच्याच गोदामातल्या. अनीरची आई खजुरांबद्दल बोलत होती, माझं लक्ष पडद्याकडे. सैनिक खंदकातून वर आले आणि अनीर घसा खाकरून म्हणाला, "ही लेबेल रायफल ना, काका?"

अगं, ती बेर्तिये होती. ह्यांच्याबरोबर राहून मलाही कळतं. चापाच्या पुढे, पोटाखाली गोळ्यांची पेटी बाहेर आलेली. लेबेलला ती नसते, तिच्या गोळ्या नळीखाली लाकडाच्या आत राहतात. तूच पढवून पाठवलंस ना त्याला? मग पुरतं तरी पढवायचंस.

मी किटली धरून तशीच थांबले. ह्यांनी तोंड उघडलं, अनीरचे लाल झालेले कान बघितले, आणि म्हणाले, "बदाम घे. आमच्याच झाडाचे आहेत." मग दोघं शाळेतल्या पोरांबद्दल बोलत बसले. छान हसत होते.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "अहो, ती लेबेल होती?"

"छे. बेर्तिये."

"मग गप्प कसे बसलात?"

ते पेले गोळा करत होते. म्हणाले, "माझ्यासाठी शिकून आला होता गं तो. आईदेखत कशाला बोलायचं? पुढच्या खेपेला गोदामात नेतो, दोन्ही हातात देतो. मग नाही चुकणार."

"पुढची खेप आहे म्हणजे?"

"तुला काय वाटलं?" म्हणाले आणि पेले घेऊन आत गेले.

फोनवर हे तुला यातलं काही सांगायचे नाहीत. तू विचारशील, तर 'बरा आहे मुलगा' म्हणून फोन माझ्याकडे देतील, आणि ते शेजारी बसलेले असताना मी काय बोलणार? तू मात्र तिकडे अगादीरला काळजी करत बसशील. म्हणून लिहिलं. तुझ्या बाबांचा होकार आहे, पोरी. आणि अनीरला आता तू काही शिकवू नकोस. ह्यांना शिकवायचंय.

तुझीच,
आई