हाकलून दिलेले नवरदेव

आदरणीय युनफांगताईंना धाकट्या मेहुण्याचा, शुन्फाचा, वाकून नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे? वैद्यांनी अजून लुओहान फळाचाच काढा घ्यायला सांगितलाय ना? (फळं घरच्या वेलींचीच घाला, विकतची नको, हल्ली लोक भट्टीत घाईने वाळवतात.) माझी तब्येत ठणठणीत. स्वयंपाकही जमतो. भात खाली करपतो, वर कच्चा राहतो, पण मधला उत्तम होतो.

तुमची युनलान गेल्यावर वसंतात हात रिकामे ठेववेनात, म्हणून मी लुओहानच्या वेलींचा मांडव साफ करायला घेतला. त्यात दोन वेली अशा की वर्षानुवर्षं ऐसपैस पसरलेल्या आणि फळाच्या नावाने शून्य. बसून खाणारा मला खपत नाही (हसा, ताई). मुळासकट उपटल्या. उन्हाळ्यात उरलेल्या एकशे दहा वेली फुलांनी लगडल्या आणि मी गावभर मिरवलो. दोन दिवसांत फुलं गळायला लागली, फळ एकही धरेना. खत घातलं, पाणी वाढवलं, शिव्याही दिल्या. शेवटी शेजारच्या लियाववहिनींना बोलावलं. त्यांनी मांडवाखाली एक चक्कर मारली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भावजी, पोरी सगळ्या नटून बसल्यात, अन् नवरदेवच हाकलून दिलेत की हो तुम्ही!"

त्या दोन वेली नर होत्या. सत्तावीस वर्षं युनलान रोज सकाळी बांबूची काडी घेऊन मांडवाखाली जायची. मला वाटायचं, बाईला फुलांची हौस. ती नर फुलाचे पराग एकेका मादी फुलाला हाताने लावत होती. हजारो फुलं, ताई. आणि मी बाजारात 'माझी फळं' म्हणून छाती फुगवायचो. तिची काडी दाराच्या फटीत खोचलेली सापडली.

बाकी क्षेम. उत्तराची घाई नाही.

ता. क. घाई आहे. नवी फुलं अजून जेमतेम पंधरा दिवस येतील. तुमच्या मांडवावरची नर फुलं ओल्या फडक्यात घालून सकाळी आणाल का? काडी कशी धरायची तेही दाखवा.

ता. क. २ तिच्या अंत्यविधीला तुम्ही चारचौघांत विचारलंत, "माझी बहीण दिवसभर काय करायची, ठाऊक तरी आहे का तुम्हाला?" मी म्हणालो, सगळं ठाऊक आहे, आणि पुन्हा या फाटकातून आत येऊ नका. ठाऊक नव्हतं.

ता. क. ३ फाटक काढून टाकलंय. (बिजागऱ्या गंजल्या होत्या.)