माझ्या मापाचे हातमोजे

पवनार, मंगळवार, १६ डिसेंबर

अजून डोकं तापलेलंच आहे. पहाटे मी सायकलीनं वर्ध्याला वसतिगृहात स्वयंपाकाला जाते. आज धाम नदीच्या पुलावर बोटं इतकी आखडली की म्हैस आडवी आली तरी ब्रेक दाबला जाईना. पाय घासत थांबले. म्हणून संध्याकाळी येताना दुकानात शिरले आणि सायकलसाठी गरम हातमोजे मागितले.

दुकानदार म्हणाला, "ताई, भाऊच्या हाताचं माप सांगा."

"मलेच पाह्यजे."

मग त्यानं कोपरापर्यंतचे पातळ गुलाबी मोजे काढले. "लेडीजमध्ये हेच येते. हात काळे नाई पडत."

पहाटे साडेपाचला कुठलं ऊन? आणि थंडी काय फक्त पुरुषांनाच वाजते?

शेवटी पुरुषांचेच लोकरी घेतले. बोटांची टोकं रिकामी लोंबतात, ब्रेकवर पकड येत नाही. घरी ह्यांना दाखवले, तर हातात चढवून म्हणाले, "मस्त आहेत. मले बराबर बसून राह्यले." तेव्हापासून ते घालूनच शेकोटीपाशी बसलेत. पहाटे ह्यांना कुठे जायचं असतं?

जेवताना काढतीलच. तेवढ्यात ती लोंबती टोकं आत दुमडून माझ्या बोटांच्या मापाची शिवून टाकते. मग घालून दाखवा म्हणावं.